बाहेर कोण बसणार

आबा,

तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेल्यावर मी धुळ्याला कॉलेजात गेलो, तिथं ती भेटली, आणि तिच्यापायी मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं. तुम्ही असता तर मला चपलेनं मारलं असतं. आई गेल्यापासून वाढायचात तुम्हीच, तेव्हा मग तिच्यापुढे ताट सरकवून म्हणाला असता, "आनेल शे ना त्यानी तुले, मंग बस, जेव." असं आपलं मला वाटतं.

आज जळगावच्या दवाखान्यात तिचं मोठं ऑपरेशन आहे. स्वादुपिंडाला गाठ आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, इथून कापायचं, हे काढायचं, हे आतडं इथे जोडायचं. वेळ लागेल म्हणाले. मी दाखवली तिथं सही केली.

सुरुवातीला नुसती कावीळ दिसत होती. डोळे पिवळे, अंगाला खाज. मला तुमची सायकल आठवली. मी शाळेत होतो, पिवळा पडलो होतो, आणि तुम्ही मला दांड्यावर बसवून धरणगावकडच्या त्या म्हाताऱ्याकडे नेताय. तो मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवायचा. माळ वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटावर, तशी कावीळ उतरते. माझी उतरली होती. म्हणून मी तिलाही तिथंच नेलं. म्हातारा आता नाही, त्याचा मुलगा माळ देतो. माळ तिच्या कानांवरून खाली आली, छातीवर आली, आणि ती आणखीच पिवळी होत गेली. "माळ चांगली आहे रे," ती म्हणाली, "बायकोच खराब लागली तुला." मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो, तर तिनं माझं मनगट धरलं. मग एसटीत बसवून तिला इथं आणलं.

इथं प्रत्येक खाटेभोवती अख्खं गाव जमतं. शेजारी एदलाबादकडचे एक नाना आहेत, हर्नियाचे. त्यांना पाहायला जीप भरून माणसं येतात, डबे उघडतात, केळीच्या भावावरून भांडतात. आमच्याकडे कोणी येत नाही. तिच्या माहेरच्यांनी लग्नाच्या दिवशीच तिचं नाव टाकलं. माझा थोरला भाऊ तिला एक वाकडा शब्द बोलला, तर मी त्याची कॉलर धरली. तुम्ही म्हणायचात, "बठ्ठा गाव तोडशी, मंग खांदा कोन दी तुले?" मला तेव्हा हसू यायचं, सगळं गाव कुठं तुटतं म्हणून. परवा एसटीडीवरून गावातल्या दुकानात फोन लावून भावासाठी निरोप ठेवला, ये म्हणून. पोचला असेल.

तिला भीती नाही असं नाही. पण काल दिवसभर ती एकच विचारत होती.

"मी आत गेल्यावर तुझ्याजवळ कोण बसणार?"

"सगळे येताहेत."

"कोण सगळे?"

"तू पडून राहा बरं."

सकाळी स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबलं, तिनं मान वळवून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा.

"कोण आलंय?"

मला खोटं नावसुद्धा सुचेना. म्हणालो, "आबा."

ती म्हणाली, "मग पदर तरी घे माझ्या डोक्यावर. पहिल्यांदाच बघताहेत."

दवाखान्याच्या झग्याला पदर कुठला. मी हिरव्या चादरीचं टोक ओढून तिच्या कपाळापर्यंत आणलं. आतल्या सिस्टरनं ते लगेच खाली केलं आणि दार लागलं.

आता दुपार झाली. दार अजून उघडलेलं नाही. हा कागद मी कुठं टाकणार नाही, टाकायला पत्ता नाही. एवढं मात्र सांगतो. मघाशी नानांचे पाहुणे या बाकावर बसायला आले, म्हणाले, "दादा, सरका थोडं." मी शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवला होता. म्हणालो, "इथं नका बसू. आमचं माणूस येतंय."