उजव्या खांद्यावरचं फडकं

अण्णा, मी गाडी घेतली. इटालियन. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे ऐकून तुमचं तोंड कसं झालं असतं ते बघायला मिळणार नाही, एवढंच काय ते दुःख. तुम्ही गेल्याचं म्हणाल तर तेव्हाही फारसं झालं नव्हतं.

पुण्याच्या शोरूममध्ये दोन मोटारसायकलींपाशी अडले होते. एक लाल, बुटकी, पुढे वाकून बसायची, बघताक्षणी जीव जडावा अशी. दुसरी करडी, उंच, मागे पेट्या लावायची सोय असलेली. विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, सरांसाठी बघताय का?" सर नाहीत आणि कधी नव्हते, असं सांगितल्यावर त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. मला रोज परभणीहून चुडाव्याच्या शाळेत शिकवायला जायचं आहे आणि सुट्टी लागली की लांब, पार कोकणापर्यंत. लाल गाडीवर दहा मिनिटं बसले तर मनगटं भरून आली आणि इंजिनची धग सरळ मांडीला लागली. मे महिन्यात रेल्वे फाटकापाशी ती अंगाखाली घेऊन उभं राहायचं म्हणजे स्वतःला भाजून घेणंच. करडीवर पाठ ताठ राहिली, पाय जमिनीला पोचले, गतिरोधकावर पोट घासायची भीती नाही. मग पर्समधून तुमचा लाकडी मुठीचा पेचकस काढला, टोक चालू इंजिनला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. विक्रेता हसला. "इटालियन आहे मॅडम, थोडी खडखड असतेच." असते, मलाही माहीत आहे. जातीची खडखड वेगळी आणि दुखण्याची वेगळी, हे तुम्हीच शिकवलंत.

कसं शिकवलंत तेही लिहिते. स्टेशन रोडच्या आपल्या गॅरेजात मी दहा वर्षांची उभी आहे. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर पेचकस माझ्या कानाला लावता आणि विचारता, "सांग, काय बोलायलंय इंजन?" मी म्हणते, चेन. आवाज असतो टॅपेटचा. तुम्ही पेचकसाचं टोक सायलेन्सरवर तापवता आणि माझ्या मनगटाला लावता. "आता न्हाई इसरणार." गिऱ्हाइकं हसतात. घरी आई डागावर कणकेचा गोळा थापते आणि मग तुमच्यासाठी चहा ठेवते. तुमचं खरं होतं, मी काहीच विसरले नाही.

पन्नाशीत तुमचे कान गेले. माणसांचं बोलणं ओठांवरून कळायचं, इंजिनचं नाही. मला मनातून बरं वाटलं. पण मिस्त्रीला ऐकू येत नाही हे बाजारात कळलं असतं तर कुत्रं फिरकलं नसतं, म्हणून तुम्ही ती युक्ती काढलीत. मी इंजिन पुसायच्या निमित्ताने ऐकायचं आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहायचं. फडकं डाव्या खांद्यावर टाकलं की खोट, उजव्या खांद्यावर टाकलं की साफ. तुम्ही पेचकस कानाला लावून गंभीर चेहरा करायचे, माझ्या खांद्याकडे बघायचे आणि निकाल द्यायचे. लोक म्हणायचे, काय कान आहेत मिस्त्रीचे! सहा वर्षं तुम्ही माझ्या कानांवर जेवलात.

मग त्या ठेकेदाराची गाडी आली. आपण पाहिलेली पहिली इटालियन. तिच्यावर तो लांबच्या प्रवासाला निघाला होता, त्याआधी तेल बदलून तपासून हवी होती. तेल तुम्ही बदललंत आणि तळाचा बोल्ट स्वतःच्या हाताने आवळलात. मी म्हटलं, अण्णा, गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून बघू का? तुम्ही त्याच्याकडे बघून हसलात. "फडकं धराय ठेवलीय हिला. आता गाडी चालवायलीय म्हणं!" तोही हसला. मी वाकून इंजिन पुसलं. आत खोल कुठेतरी दबका ठोका पडत होता, कनेक्टिंग रॉडचा, इंजिन फोडणारा. दहा वर्षांच्या मला कळला नसता, सव्वीस वर्षांच्या मला स्वच्छ कळला. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि फडकं उजव्या खांद्यावर टाकलं.

"खुशाल जावा सायेब," तुम्ही म्हणालात.

देवगाव फाट्याच्या पुढे इंजिन जाम झालं. ठेकेदाराचं मनगट मोडलं. त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं, आजही वाटतं. संध्याकाळी तो गाडी टेम्पोत घालून, हात गळ्यात अडकवून गॅरेजसमोर आला. रस्ताभर तेल सांडलंय, तेलाचा बोल्ट ढिला सोडला म्हाताऱ्याने, असं तो सगळ्या बाजाराला ऐकवत होता. ऐकू न येताही तुम्हाला ते कळलं. तुम्ही स्टुलावरून उठला नाहीत. जेवताना मात्र विचारलंत, "खरंच साफ होतं का गं?" मी तुमच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं, "एकदम साफ." तुम्ही आपल्या उजव्या हाताकडे बघत बसलात.

शटर पुन्हा उघडलं नाही. पुढची चार वर्षं तुम्ही घरातल्या वस्तू आवळत फिरलात. गॅसचा नॉब, डब्यांची झाकणं, मोरीचा नळ. "घट्ट हाय का?" दिवसातून दहादा. नळाचा वायसर दर महिन्याला फाटायचा आणि आई कपाळाला हात लावायची. मी म्हणायचे, बघा बाई, मला तर ढिलाच वाटतो. मग तुम्ही परत उठायचे. मला त्यात मजा यायची, अण्णा. खोटं कशाला लिहू?

करडीच घेतली. परवा तिच्यावर देवगाव फाट्यापर्यंत गेले, चहा प्यायले, परत आले. हे पत्र घडी करून सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवणार आहे, तुमच्या पेचकसाशेजारी. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. शोरूममध्ये सही करण्याआधी मी फरशीवर गुडघे टेकले आणि गाडीखाली हात घालून तेलाचा बोल्ट चाचपला. त्या संध्याकाळी ठेकेदार ओरडत होता तेव्हा मी टेम्पोत चढून असाच हात घातला होता. आतल्या रॉडने इंजिनचं केसिंग वरून तडकलं होतं, तेल तिथून गेलं होतं. तुमचा बोल्ट घट्ट होता.