रिकाम्या भट्टीचा काटा

४ मार्च
आले एकदाची! खोली छोटी, खिडकी मोठी आणि घरमालकीण बडबडी, म्हणजे करमणुकीची सोय झाली. प्रयोगशाळा तिथल्या प्रमुख मॅडमनी स्वतः फिरून दाखवली. खोल समुद्राच्या तळाशी खडकांवर काळी पुटं चढतात, लाखो वर्षांत नखाएवढी. त्यांचे तुकडे निर्वात भट्टीत तापवायचे, आत अडकलेले वायू सोडवायचे आणि ते आले कुठून ते शोधायचं. हेलियमचे दोन प्रकार, हलका आणि जड; हलका जास्त निघाला तर तो अवकाशातल्या धुळीतून आलेला. नाहीतर पृथ्वीच्या पोटातला, किंवा आपली साधी हवा. हे वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं मॅडम म्हणाल्या. मला आवडले. भट्टीला सगळे म्हातारी म्हणतात. ती कुरकुरते, आणि आधीच्या तुकड्यातलं थोडंसं पोटात धरून ठेवते.

हे तुकडे ज्या जहाजाने आणले त्यावर दादा खलाशी होता. तुकडे आले, तो नाही आला. म्हणून तर मी ही नोकरी धरली. आईला फक्त काम चांगलं आहे एवढंच सांगितलं. दादा समुद्रात पडला तो सापडला नाही, म्हणून ती अजून दाराला कडी लावत नाही.

१२ मार्च
पहिल्या तुकड्यातून हलका हेलियम भरपूर निघाला. आभाळातून पडलेला! दिवसभर मी उगाच खुशीत. प्रत्येक तुकड्यानंतर भट्टी रिकामी तापवून बघतात. तेव्हा दाबाचा काटा हलायला नको. आज हलला. मॅडम म्हणाल्या, कुठेतरी गळती असेल. सगळे जोड तपासले. म्हातारीचे नखरे, दुसरं काय.

१५ मार्च
गळती असती तर काटा चढतच गेला असता. हा चढतो आणि उतरतो. निघतेय ती साधी हवा. काटा दोनदा थोडा हलतो, मग एकदा लांब.

दादा असा झोपायचा. दोन छोटे श्वास, एक लांब. लहानपणी आम्ही एकाच खोलीत असायचो, त्या आवाजाशिवाय मला झोपच यायची नाही. तो गेल्यापासून नीट झोपले आहे कुठे?

१८ मार्च
जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा भट्टीजवळ उभी राहून आईला फोन लावला, आवाज मोठा करून. जेवलीस का, असं तिने विचारलं आणि काटा थांबला. जागच्या जागी.

आई उठवायला आली की दादा असाच श्वास रोखून पडायचा, झोपेचं सोंग करून.

फोन ठेवल्यावर काटा पुन्हा सुरू झाला. मी फरशीवर बसून रडले. आईला काय सांगू?

२१ मार्च
लांब श्वास तुटायला लागलाय. आज नीट पाहिलं. हा झोपेतला नाही. पाण्यातून तोंड वर काढून घेतात, तो. दगडाच्या हिशेबाने दादाला जाऊन पापणी लवण्याइतकाही वेळ झालेला नाही. तो अजून बुडतोच आहे. माझ्यासमोर. आणि मी त्याला झोपलेला समजून बघत बसले होते.

मॅडम म्हणाल्या, उद्या भट्टी पूर्ण तापवून रिकामी करायची, पंप सगळं ओढून नेईल. मी करते म्हटलं. दुसऱ्या कुणाचा हात नको.

२२ मार्च
भट्टी लाल झालीय. काटा वेडावाकडा — फोनवर आई आहे. सांगून टाकलं तिला. वेडी झालीस का, असंही ती म्हणाली नाही. त्याला त्रास होतोय का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

मग ती त्याच्याशी बोलली. उठवायच्या आवाजात नाही. झोप रे आता, म्हणाली.

काटा उतरतोय — हळू — शून्य.

गेला. दादा गेला. आई रडतेय. पहिल्यांदाच, मोकळी —

पण श्वास थांबलेला नाही. दोन छोटे — काटा शून्यावर आहे, मग हा श्वास — माझी छाती —

तोंडात खारट — नाकातून पाणी — कागद भिजतोय —

आई, फोन ठेवू नकोस. माझ्याशी पण बोल. मला पण म्हण, झो