घेवड्याचा वेल आणि माझं पुण्य

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मार्गशीर्ष वद्य पंचमी

राजश्री हंबीरराव व्याही यांना पिराजीचा हात जोडून रामराम.

पत्राला दीड महिना उशीर झाला, क्षमा असावी. दौत वाळली होती असं लिहिणार होतो, पण दौत भरलेली आहे; वाळलं ते वेगळंच. तुमचा गुडघा कसा आहे? भात झोडून झालं का? आमची धोंडुबाई (लेक तुमची, पण सून आमची) खाऊनपिऊन सुखात असेलच. तिचे दिवस भरत आले. बारसं झालं की तिला लवकर पाठवा, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे. ते मी लिहिलं.

बाळंतपणाला तुमच्याकडं येताना तिनं घरामागच्या परड्यातला घेवड्याचा वेल माझ्या हवाली केला. बी तिच्या आईच्या, म्हणजे देवाघरी गेलेल्या आमच्या विहीणबाईंच्या हातचं, आणि मडक्यातलं शेवटचं. "मामंजी, दुसरं काय बी करू नगा, निसतं पाणी घाला," म्हणाली. पण निसतं काही करणं माझ्या स्वभावात नाही. त्यात आमच्या घरच्यांनी ती सुखरूप मोकळी व्हावी म्हणून मुंग्यांना रोज गूळ-पीठ घालायचा नेम धरला, आणि घालायचं काम माझ्याकडं दिलं. वारुळं हुडकत फिरायला कंबर साथ देईना, म्हणून मी वेलाच्या बुडाशीच घालू लागलो. एका फेरीत पाणीही झालं आणि पुण्यही. (माझी हुशारी मला तेव्हा फार आवडली होती.) आठ दिवसांत वेलावर मुंग्यांची रांग लागली, शेंड्यांवर माव्याची काळी कीड बसली, पानं चिकट होऊन वळली.

त्यातच लाल पाठीवर काळे ठिपके असलेले किडे दिसले. एवढं नटून फिरणारा प्राणी चांगल्या चालीचा नसणार, असं मी ठरवलं. दोन सकाळी पाटावर बसून एकेक वेचला आणि पाण्यात बुडवला. एकोणपन्नास भरले. मावा दुप्पट झाला. मग मी तंबाखूचा काढा केला. वाफेनं मीच चक्कर येऊन पायरीवर बसलो आणि गल्लीला वाटलं, म्हातारा पिऊन आलाय. काढा कडक झाल्यानं कोवळी पानं करपली ती वेगळीच. भांडं दुधाचं होतं, हे मला आमच्या घरच्यांकडून कळलं. "आता दूध कशात तापवू, तुमच्या पटक्यात?" एवढंच त्या बोलल्या, पण तीन दिवस बोलल्या.

शेवटी शेजारच्या हुसेनला बोलावलं. तो बागेत माळीकाम करतो. (आधी का विचारलं नाही? मी तिसरी शिकलेला, तो एकही नाही.) त्यानं पान उलटं करून बघितलं.

"तात्या, त्ये ठिपक्याचं किडं मावा खात्यात. तुमी राखणदार बुडीवलं की."

"आणि मुंग्या?"

"माव्याच्या अंगातनं गोड पाणी निघतंय, त्ये चाटाय मुंग्या येत्यात, आन् राखणदारास्नी हाकलत्यात. त्येंला वर रोज गूळ कोण घालतंय?"

मी आभाळाकडं बघितलं.

त्यानं किडके शेंडे खुडून जाळले, रिठ्याच्या पाण्यानं पानं खालून धुवायला लावली, बुडाभोवती राखेचं कडं घातलं आणि मुंग्यांचं जेवण पलीकडच्या भिंतीला हलवलं. आता चार फुटवे धड आहेत. फूल नाही.

आपला,
पिराजी

ता. क. बारशानंतर लवकर पाठवा असं वर आहे, ते वाचून सोडून द्यावं. वेलाला शेंग धरेपर्यंत, निदान दोन महिने, तिला ठेवून घ्या. थंडीचं निमित्त सांगा. पत्र वाचून दाखवणाऱ्यानं एवढं तिच्यासमोर वाचू नये.

ता. क. दुसरा. हे घरातही कुणाला माहीत नाही. हुसेन बोलला त्या रागात मी मुंग्यांना दोन दिवस काहीच घातलं नाही. तिसऱ्या दिवशी दुप्पट घातलं, पण नेम मोडला तो मोडलाच. तेव्हापासून जेवण जात नाही. वेल गेला तर जाऊ दे. गेल्या सोमवारी आणि मंगळवारी पोरीची तब्येत बरी होती ना, एवढं एका ओळीत उलट टपाली कळवा.