भंगारवाला येण्याआधी

सोमवार, ४ मार्च
सूनबाईला माझ्या वर्कशॉपमध्ये शिलाई मशीन मांडायचंय. म्हणे, बाबांची अवजारं नुसती धूळ खातायत. रविवारी भंगारवाला बोलावलाय. ज्या घणाने मी ट्रकचे वाकलेले ॲक्सल सरळ केले तो भंगार, आणि मुलाचं ते बॅटरीवर गुरगुरणारं ड्रिलचं खेळणं म्हणजे टूल. वा रे वा. मुलाकडून कबूल करून घेतलं: जे वापरात आहे ते विकायचं नाही. आता एकेका अवजाराला घरात कामाला लावतो.

मंगळवार
दोरी ताठ राहावी म्हणून कपड्यांच्या दोरीला घण टांगला. राहिली ताठ. मग खांबच वाकला. हल्ली लोखंडात लोखंड असतं कुठे? चिखलातल्या चादरी उचलून बायको तरातरा आत गेली. पटलं असावं.

गुरुवार
मोठा पाना बाथरूमच्या भिंतीत ठोकला, टॉवेल अडकवायला. टाइल निघाली. प्लंबर म्हणाला, नशीब समजा, पाइप वाचला. प्लंबरला डिझाइनमधलं काय कळतंय.
संध्याकाळी लोखंड आवळायच्या व्हाइसमध्ये लिंबू पिळलं. थेंब शिल्लक ठेवला नाही. सरबताला जरासा ग्रीसचा वास, तर सगळ्यांची तोंडं वाकडी. नाजूक पिढी.

शनिवार, दुपारी
ऐरण. हुकमाचा एक्का. वर्कशॉपचं दार आत उघडतं. भंगारवाला आतच आला नाही तर नेणार काय? ऐरण ढकलत ढकलत दाराला आतून लावली. दार पक्कं. याला म्हणतात डोकं.

शनिवार, जरा वेळाने
कंबर धरली. ऐरण हलेना. मी आत. मुलाने बाहेरून विचारलं, काय करताय? म्हटलं, सिक्युरिटी टेस्टिंग.

शनिवार, संध्याकाळी
मुलाने ते खेळणं खिडकीच्या गजांतून आत दिलं. बिजागऱ्यांचे स्क्रू मीच काढले. लोण्यासारखे निघाले. हे कुठेही बोलायचं नाही.

रविवार
मुलाच्या मते वापरात काहीच नव्हतं. सगळं गेलं. घण मीच हातगाडीवर ठेवला. भंगारवाल्याने धरला होता उलटा. ऐरण मात्र त्याला आणि मुलाला मिळूनही उचलवेना. राहिली. जिंकलो.

सोमवार, ११ मार्च
मशीन चाललं की टेबल थरथरतं. म्हणून सूनबाईने मला ऐरणीवर बसवून टेबलाच्या आडव्या दांडीवर पाय दाबून ठेवायला सांगितलंय. जबाबदारीचं काम आहे. म्हणाली, "बाबा, शिवण संपेपर्यंत पाय काढू नका हं."
मघाशी हळूच काढून पाहिला. लगेच ओरडली.
वर्कशॉप अजूनही माझ्यावाचून चालत नाही.