ओळंबा खरा होता

काका,

परवा मी धडधडीत सरळ भिंत पाडली, तीही तुमच्या ओळंब्याला खोटं ठरवून. दोरी सरळ लटकत होती, तरी "भिंत कललीय" म्हणत मी ओल्या विटांवर हातोडा घातला. "पिऊन आलास? घरी चालता हो," तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात.

प्यायलो नव्हतो. मला दोन वर्षांपासून फिट्स येतात. तुम्ही परांचीवर चढू देणार नाही म्हणून तुमच्यापासून लपवलं. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी फिट्सची गोळी वाढवली, तेव्हापासून सगळं गरगरतंय. वाटलं, आजार बळावला, गवंडीकाम संपलं.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळीने काहींना चक्कर येते. मनाने बंद करू नका, मी डोस बदलते. तोवर उंचावर चढायचं नाही." बाहेर येऊन जिन्यावर बसलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो.

घरी दाराला ओळंबा टांगला. दोरी स्थिर होती, डुलत होतो मी.

हे पत्र माझ्या खिशातच राहू दे. उद्या येऊन तोंडानेच सांगतो. ती भिंत मीच पुन्हा बांधणार, जमिनीवरून हात पोचेल तिथवर. वरचे थर तुम्ही लावा.

तुमचा न पिणारा पुतण्या