लायक हेड कोच पाहिजे

11 जानेवारी, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प: अन्यायाविरुद्ध आवाज उठवायचा. अकरा दिवस उशीर झाला, कारण अन्याय आजच कळला.
अमेरिकेतून नीलचा फोन. चिरंजीव तिकडे स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकतात. त्याला पेपर लिहायचाय: तिकडच्या हेल्मेटवाल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय हेड कोच इतके कमी का? शंभराहून जास्त टीम, खेळाडू निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय, आणि हेड कोच म्हणे वीसही नाहीत. असिस्टंट कोच मात्र हवे तितके. ऐकून हादरलो. पोहे गार झाले. म्हणालो, लिही, एकालाही सोडू नकोस, बाप पाठीशी आहे.
त्यावर त्याने आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, बाबा, युअर कबड्डी टीम, हेड कोच हू आह? विषय बदलायची जुनी सवय.

20 जानेवारी, मंगळवार, दुपारी 1
ऑफिसला हाफ डे टाकून त्यांच्या कॉलेज फुटबॉलची फायनल पाहिली. खेळ कळला नाही. अन्याय कळला.

25 जानेवारी, रविवार
आंग मो किओ भागात आमच्या मराठी मंडळाची मीटिंग. मार्चअखेर कबड्डीचा कप. मी क्रीडा सचिव. चार वर्षं सलग कप आपला आणि चारही वर्षं हेड कोच मी. मला हौस नाही. शोधूनही लायक माणूस मिळत नाही, त्याला मी काय करू?
उज्ज्वल मेश्राम चार वर्षं असिस्टंट. पोरगा गुणी आहे. जुरोंग आयलंडवर इंजिनियर, भंडाऱ्याचा, विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेला. सातातले पाच खेळाडू त्याने जमवलेत. प्रॅक्टिस तो घेतो, डावपेच तो आखतो. पण हेड कोच म्हणजे नुसती कबड्डी नव्हे. व्यक्तिमत्त्व लागतं. फोटोत उभं राहावं लागतं.
उज्ज्वल बौद्ध आहे. हे लिहायची खरं तर गरज नव्हती. सिंगापूरला आल्यापासून मी कोणाला आडनावसुद्धा विचारत नाही. गाव विचारतो, मामाचं गाव विचारतो, पुढचं आपोआप कळतं. दर चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, त्याच्याकडून खिरीचा डबा येतो आणि मी दोन वाट्या खातो. अजून काय करायचं माणसाने?
मीटिंगमध्ये अमेरिकेवर वीस मिनिटं बोललो. टाळ्या. खजिनदार हेमचंद्रने चष्मा पुसला. त्या भरात ठराव मांडला की यापुढे आपला हेड कोच खुल्या मुलाखतीतून निवडायचा. उज्ज्वलने हात वर केला. चार वर्षांत पहिल्यांदाच. विचारलं, काका, मी अर्ज केला तर चालेल? म्हणालो, अरे, तुझ्यासारख्यांसाठीच तर हा ठराव!
'तुझ्यासारख्यांसाठी' म्हणजे तरुणांसाठी.

1 फेब्रुवारी, रविवार
छोटीशी व्यावहारिक अडचण. चायनीज न्यू इयरला टी-शर्ट छापणारा दुकान बंद ठेवणार. नावं आजच पाहिजेत म्हणाला. मुलाखती आठ तारखेला. आता छपाई अडवून ठेवायची का? तात्पुरतं 'हेड कोच गोपीनाथ' (म्हणजे मी), 'असिस्टंट कोच उज्ज्वल' असं देऊन टाकलं.
विद्याने विचारलं, मग मुलाखत कशाला घेताय? बायको बँकेत कम्प्लायन्सला, नियम पाळले जातात का ते बघायला आहे, पण तिला प्रोसेस कळत नाही.

8 फेब्रुवारी, रविवार
मुलाखती पार पडल्या. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी (इथली कॉफी) घेत. पॅनेलवर मी आणि हेमचंद्र. उमेदवार दोन: उज्ज्वल आणि (आग्रहाखातर) मी. माझी पाळी आली तेव्हा मी पॅनेलमधून उठलो आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो. पारदर्शकता म्हणतात ती ही.
उज्ज्वलने बारा पानी प्लॅन आणला होता. कोण खेळाडू चढाईला कुठल्या पायावर कच्चा, कोणाची पकड सुटते, वगैरे. वाचायला वेळ नव्हता. मी मुद्द्याचं विचारलं: हेड कोचचा अनुभव? शून्य. का? चार वर्षांत एकदाही हेड कोच का झाला नाहीस?
त्यावर त्याने पायाशी ठेवलेली पिशवी टेबलावर घेतली. माझ्या लक्षातच नव्हतं, दुकानातून टी-शर्ट आणणं हे असिस्टंटचं काम. शनिवारीच घेऊन आला होता. माझा काढून माझ्या हातात दिला. 'हेड कोच' छापलेली बाजू वर होती. साइझ बरोबर आहे ना काका, एवढंच विचारलं.
हेमचंद्र कोपी ढवळत बसला. कोपी संपलेली होती.
निकाल: एकमताने मी. पुढच्या वर्षी उज्ज्वलचा नक्की विचार करू. तसं मिनिट्समध्ये घेतलंय.

22 फेब्रुवारी, रविवार
उज्ज्वलने मंडळ सोडलं. व्हॉट्सॲपवर दोन ओळी, वर नमस्काराचे हात. जुरोंग ईस्टच्या तमिळ मित्रांच्या टीमने त्याला घेतलंय. थेट हेड कोच! म्हणे मॅटवर नेलं, एक पकड दाखव म्हणाले, दाखवली, झालं. दहा मिनिटांत. ही काय मुलाखत? ना व्हिजन, ना व्यक्तिमत्त्व.
ग्रुपवर सविस्तर लिहिलं की आपल्या मंडळात भेदभाव कधी नव्हता, नाही, नसेल. सगळ्यांनी वाचलं. अंगठा फक्त हेमचंद्रचा. तोही त्याने नंतर काढला.
प्रॅक्टिस आता मीच घेतोय. घोटा कसा धरायचा ते खुर्चीवर करून दाखवलं. खुर्ची पडली, वर मी. पोरं म्हणाली, अंकल, लाइक धिस कॅनॉट लाह, म्हणजे असं जमायचं नाही. गुडघ्याला आयोडेक्स.

29 मार्च, रविवार
फायनल. समोर कोण यावं? जुरोंग ईस्ट.
47–16.
रेफरी, मॅट, एअरकॉन, सगळंच आपल्या विरोधात होतं. मी कडेला उभा राहून 'दम लावा' असं सतत सांगत होतो. उज्ज्वल एकदाही ओरडला नाही. दोन बोटं दाखवायचा आणि त्याची पोरं आपला माणूस धरून खाली बसवायची.
एक गोष्ट लिहायची नव्हती. टाइम-आउट झाला तेव्हा आपली पोरं सवयीने उज्ज्वलच्या बाकाकडे चालायला लागली. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं. वळून माझ्याकडे आली आणि खाली बघत उभी राहिली. मला वाईट वाटलं. पाण्याच्या बाटल्या दिल्या.
त्यांच्या कपाबरोबरच्या फोटोत मीही उभा राहिलो. कोपऱ्यात. सवयीने.

12 एप्रिल, रविवार
आनंदाची बातमी! नीलच्या पेपरला ए ग्रेड. शिवाय आभाराच्या पानावर माझं नाव. त्याने लिहिलंय: 'माझ्या वडिलांचे आभार. हे सगळं नेमकं कसं घडतं, ते त्यांच्यामुळे मला घरबसल्या कळलं.'
प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. शेजारच्या तान अंकलना बोलावून दाखवलं. विद्याने वाचलं आणि म्हणाली, तुम्ही परत एकदा वाचा. सावकाश.
सावकाश वाचलं.
प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. फ्रिजच्या चुंबकाला जोर नाही.

14 एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी 7.30
यंदा डबा येणार नाही हे धरूनच चाललो होतो. विद्याला सांगूनही टाकलं की खीर मला तशी आवडत नाहीच. मग सहा वाजल्यापासून दाराकडे काय बघताय, तिने विचारलं.
बेल वाजली. उज्ज्वल स्वतः. कंपनीच्या बसमधून उतरून घरी गेला, डबा घेतला आणि इकडे आला. चार वर्षं या माणसाने माझे कप जिंकले आणि मी त्याला टी-शर्ट आणायला पाठवलं. हे बोलायचं होतं. बोललो ते असं की, पुढच्या वर्षी अर्ज कर, माझा शब्द आहे.
तो हसला. म्हणाला, काका, आमच्या टीमला असिस्टंट कोच पाहिजे. मुलाखती रविवारी आहेत, तुम्ही या. टी-शर्ट अजून छापायला टाकलेले नाहीत.
फॉर्म ठेवून गेला.
खीर एकच वाटी खाल्ली. फॉर्म भरायला घेतलाय. नाव लिहून झालं. पुढचा रकाना: कबड्डी किती वर्षं खेळलात? अर्धा तास तिथेच आहे.