वाकलं की पळतंय

सोलापूर,
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकटा भाऊ गुरुशांत याचा शिरसाष्टांग नमस्कार. हा नमस्कार कागदावरचाच समजावा. डॉक्टरांनी मला तीन आठवडे वाकायला बंदी केली आहे, त्यामुळे आठांपैकी एकही अंग सध्या जमिनीपर्यंत पोचत नाही. कमरेला पट्टा आहे. बसलं की उठता येत नाही, म्हणून हे पत्र फ्रिजच्या डोक्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितो आहे. मध्येच अक्षर थरथरलेलं दिसलं तर माझ्या वयाला दोष देऊ नकोस, फ्रिज सुरू झाला असं समज.

तुझे डोळे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? मोतीबिंदू काढल्यावर महिनाभर काही वाचायचं नाही असं तुला सांगितलंय, हे भाच्याकडून, भारतकडून, कळलं. तेव्हा हे पत्र तुला कुणीतरी वाचून दाखवत असणार. भाचा दुकानात, सूनबाई शाळेवर, आणि दाजी पेपर सोडून दुसरं काही वाचत नाहीत. दुपारच्या वेळी वाचायला घरात कोण उरतं हे मला ठाऊक आहे. (वाचणारीला विनंती : कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नये. तो अक्कासाठी नाही.)

तर अक्का, बारा दिवसांपूर्वी माझी बायको पिशवी घेऊन तुझ्या दारात का उभी राहिली, हे तिने तुला सांगितलं नसेल. ती सांगत नाही. शिवलीला रागावली की आधी मराठी सोडून कानडीत जाते. त्या दिवशी फक्त 'साकु' म्हणाली, म्हणजे पुरे, आणि मग कानडीही सोडली. माझ्या फोनवर निळ्या खुणा उमटतात पण उत्तर येत नाही. घडलं ते असं. आमच्या लेकीने, ऋतुजाने, लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला पुण्याहून दोन तिकिटं पाठवली. सेगवे नावाच्या यंत्रावर उभं राहून सोलापूर बघायचं, आणि नंतर शहराबाहेरच्या माळावर जाऊन हरणं आणि पक्षी बघायचे. शिवलीला हरखून गेली. पस्तीस वर्षं ती मला कुठंतरी फिरायला न्या म्हणते आहे, आणि पस्तीस वर्षं मला चादरीच्या दुकानातून सवड नाही. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सवड नाही म्हणायची सवय गेलेली नाही. मी म्हणालो, सोलापुरात बघण्यासारखं आहेच काय. मग म्हणालो, या वयात लोक हसतील. इथवर ती ऐकत होती. पण शेजारीपाजारी पेढे खायला जमलेले होते, आणि चार माणसं जमली की माझ्या जिभेला हाड राहत नाही हे तू लहानपणापासून बघते आहेस. मी म्हणालो, आणि शिवाय त्या यंत्राला वजनाची काही मर्यादा असते म्हणे. सगळे हसले. तिच्या हातात पेढा होता, तो तिने परत डब्यात ठेवला. (तो पेढा अजून डब्यात आहे. बाकीचे मी संपवले, पण त्याला हात लावलेला नाही.)

ती गेल्यावर मी रविवारी एकटाच गेलो. तिकीट परत होत नाही, वाया कशाला घालवायचं, एवढाच विचार. (एवढाच नव्हता.) किल्ल्याच्या बागेपाशी सगळे जमले. पुण्याकडची चार तरुण माणसं आणि मी. टूरवाली मुलगी दिपाली, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात शिट्टी. घरची मेंढरं, लहानपण कळपामागे गेलेलं, त्यामुळे आम्हा पाचजणांना वळवायला तिला काहीच कष्ट नव्हते. कुणी भलतीकडे गेलं की ती तोंडाने 'हुर्र' करायची आणि आम्ही मुकाट्याने परत यायचो. सुरुवातीलाच तिने वजनकाटा पुढे सरकवला. माणशी मर्यादा शंभर किलो. पुण्याची पोरं फुलासारखी चढली-उतरली. मी चढलो आणि काटा एकशे एक पूर्णांक दोनवर जाऊन थांबला.

अक्का, परमेश्वर उशीर करतो असं लोक म्हणतात. मला बारा दिवससुद्धा लागले नाहीत. मी पाकीट काढलं, किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं. काटा हलेना. शेवटी दिपालीने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं, आणि शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दह्याचा डबा काढून ठेवल्यावर मी एकदाचा मर्यादेत आलो. चारही पोरं फार सभ्य, एकानेही हसल्याचा आवाज केला नाही. ते जास्त लागलं. (आता इथे मोठ्याने हसायला हरकत नाही. अक्काला कारण सांग.)

त्यात दुसरं यंत्र. तिकिटं दोन म्हणून यंत्रं दोन काढलेली होती, आणि त्याच्या दांड्याला एक निळं हेल्मेट टांगून त्यावर पट्टी चिकटवलेली : शिवलीला. दिपालीने विचारलं, मामी कुटं हायती? मी म्हणालो, वैरागला बारशाला गेली आहे. (तुमच्या घरात कुणाचं बारसं झालं नसेल तर करून घ्यावं, मी आता तसं सांगून बसलो आहे.) मग ते रिकामं यंत्र टेम्पोत चढवून आमच्या मागोमाग आणलं. मी जिथं जिथं गेलो तिथं माझ्यामागून ते नाव येत होतं.

आता यंत्राविषयी. दोन चाकं, मध्ये उभं राहायला फळी, समोर धरायला दांडा. ब्रेक नाही, गिअर नाही. पुढे झुकलं की पळतं, मागे रेललं की थांबतं. शिकवण एवढीच. दिपाली म्हणाली, पोरंसोरं पाच मिनिटांत शिकतात. पण पोरंसोरं चौतीस वर्षं चादरीच्या दुकानात उभी नव्हती. माझा जन्म वाकण्यात गेला. गिऱ्हाईक आलं की वाकून या, गेलं की वाकून परत या, आणि मध्ये वाकून चादर उलगडायची. आणि या गावात असं घर नाही जिथं माझ्या हातची चादर नाही. पहिल्याच वळणावर एक जुने मास्तर दिसले. मी सवयीने कमरेत वाकून नमस्कार केला, आणि यंत्र मास्तरांच्या दिशेने असं सुटलं की मास्तर भाजीच्या गाडीआड गेले. त्यांच्या पलीकडे आमच्या गल्लीतल्या कमलम्मा होत्या, त्यांची क्षमा मागायला वाकलो तर वेग दुप्पट. मागून दिपाली ओरडत होती, "मामा, वाकू नगा की! वाकलं की पळतंय ते! छाती काढा, छाती!" मी छाती काढली तेव्हा यंत्र थांबलं. म्हणजे नम्रपणा केला की अपघात आणि ताठा केला की सुरक्षित. असलं यंत्र मी घरात पस्तीस वर्षं चालवत आलोय, मला ते तिथंच ओळखायला हवं होतं.

लोक हसतील म्हणून मी बायकोला नेलं नाही, अक्का, आणि लोक हसलेच. पण सगळ्यात मोठा कहर तलावाकाठी झाला. समोर सिद्धरामेश्वरांचं मंदिर, सकाळचं ऊन पाण्यावर, आणि देवळासमोरून हात न जोडता जाणं आपल्या रक्तात नाही. मी दांडा सोडला, दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. यंत्राला एवढंच हवं होतं. मी हात जोडलेल्या अवस्थेत, डोळे मिटून, फेरफटका मारणाऱ्या माणसांमधून सरळ निघालो. त्यांना वाटलं काही नवस आहे. कुणीतरी बाजूला होत 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा यात्रेतला गजर केला, आणि सगळ्यांनी मला वाट करून दिली. देवाच्याच कृपेने पुढे बाभळीचं झाड होतं.

मग यंत्रांसकट टेम्पोने आम्ही बार्शी रस्त्याकडच्या माळावर गेलो आणि तिथल्या वाटेवर पुन्हा यंत्रांवर चढलो. अक्का, मी बासष्ट वर्षं सोलापुरात काढली आणि हा माळ मी फक्त एसटीच्या खिडकीतून, तोही डुलक्या घेत पाहिला होता. पिवळं गवत, वर मोठं आभाळ, आणि दूरवर काळविटांचा कळप, नर काळा कुळकुळीत. एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघालं, अगं बघ. बाजूला बघितलं तर पुण्याचा पोरगा होता. तो म्हणाला, हो काका, बघतोय. (मी कुणाला म्हणालो ते वाचणारीला कळलं असेल.)

तिथंच दिपालीचे वडील धुळाप्पा मेंढरं चारत होते. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं सारखं करत टेम्पोतल्या रिकाम्या यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्येची मालकीण कुटं हाय?" बारशाचं पुन्हा सांगणार होतो, पण त्या माळावर खोटं बोलवेना. सगळं सांगितलं, पेढ्यासकट. म्हातारा बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. मग म्हणाला, "माफी मागितली का न्हाय?" मी म्हणालो, मागितली की, ती पिशवी भरत होती तेव्हा चपला घालता घालता म्हणालो, बरं बाई, चुकलं माझं. एवढं बोलून मी दूध आणायला गेलो होतो.

धुळाप्पांनी काठीने समोर दाखवलं. गवतात एक चिमुकला पक्षी, मातीच्या रंगाचा, डोळ्यावर पांढरी भुवई. दिपाली म्हणाली, तो धाविक. तुरुतुरु पळायचा, टक्कन थांबायचा, मग खाली वाकून काहीतरी टिपायचा. परत पळायचा, थांबायचा, वाकायचा. "बगा," धुळाप्पा म्हणाले, "थांबतंय, मग वाकतंय. तुमी वाकून पळताय." आणि मग मेंढरांकडे वळून पुटपुटले, पण मला ऐकू जाईल इतपत, "शंभर किलोचं पाव्हणं, आन् दुसऱ्याच्या वजनाचं बोलतंय."

अक्का, मला वाईट वाटलं. चादरींच्या गिऱ्हाइकापुढे मी आयुष्यभर वाकलो, आणि जिच्यापुढे एकदा धड वाकायला हवं होतं तिच्यापुढे वाकलो ते पळून जाण्यापुरतं.

कमरेचं राहिलं. परतीच्या वेळी मी अगदी नीट चालवलं. टेम्पोपाशी येऊन छाती काढून थांबलो. दिपालीचे आभार मानायचे होते, आणि धाविकाचा धडा ताजा होता. थांबलो, मग मनापासून खाली वाकलो. पण अक्का, मी अजून उतरलो नव्हतो. यंत्र पुढे गेलं, मी मागे राहिलो, आणि कंबर मधल्या मध्ये राहिली. धुळाप्पांनी आणि पुण्याच्या चौघांनी मिळून मला टेम्पोत घातलं. दवाखान्यापर्यंत मी त्या निळ्या हेल्मेटशेजारी आडवा होतो.

बाकी सर्व क्षेम. मी स्वयंपाक करतो आहे, त्यामुळे वजनाची चिंता आपोआप मिटत चालली आहे. दाजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद, डोळ्यांना जप.

तुझा,
गुरुशांत

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण सांगायचं राहिलं. दुसरं तिकीट वापरलं गेलं नाही, तेव्हा दिपालीने ते महिनाअखेरपर्यंत चालेल असं सांगितलं आहे. मी माझ्यासाठी नवं काढलं. बरोबर जायला कुणी मिळतं का ते तुझ्या घरी विचारून बघ. माहितगार माणूस सोबत असेल. कुठं वाकायचं नाही हे त्याला पाठ आहे.

दुसरं ता. क. (वैराग, शुक्रवार, सकाळ) : लिफाफ्यावर तिकीट नाही हे वाचणारीच्या केव्हाच लक्षात आलं असेल. पत्र टपालाने आलेलं नाही. भारत दुकानाचा माल घ्यायला सोलापूरला आला होता, त्याच्याबरोबर मीही आलो आहे, आणि पत्र त्याने आत आणून दिलं. गेला अर्धा तास तुमच्या दाराबाहेर उभा आहे, एका हातात दिपालीकडून मागून आणलेलं निळं हेल्मेट, दुसऱ्या हातात एक पेढा. (शिवलीला, माझं चुकलं. थांबलो आहे. या वेळी उतरलोही आहे. वाकायचं तेवढं तीन आठवडे उधार ठेव, आणि दार उघड. हा कंस अक्काला मोठ्याने वाचून दाखवला तरी चालेल.)